बंद राहिलेली जीप आणि ‘गिअरबॉक्स गेलाय’ हे घाईचं निदान

या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच जातीचे आहेत. गाडी फोर बाय फोर, वय तीस-पस्तीसच्या घरात, काही वर्षं शेडमध्ये उभी, आता घरातल्या कुणीतरी मनावर घेतलंय की चालू करायचीच, आणि इंजिन कसंबसं चालू होतंही, पण पुढे गाडी हलायला तयार नाही किंवा हलते पण आवाज असा करते की पोटात गोळा यावा. इंजिनाबद्दल पुन्हा कधीतरी, आज फक्त इंजिनाच्या मागचं बघू, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी आणि हाय म्हणजे नेहमीचा वेग की लो म्हणजे जास्त जोर हे ठरवणारी पेटी), प्रोपेलर शाफ्ट (तिथून चाकांकडे जोर नेणारा दांडा) आणि हाउसिंग (दोन चाकांच्या मधली पेटी, जिच्यात डिफरन्शियल म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर असतात).

प्रश्न : आमची १९९० ची महिंद्रा एमएम ५४० जीप वडील गेल्यापासून पाच-सहा वर्षं मांगरात उभी होती. नवीन डिझेल, नवीन बॅटरी टाकून इंजिन चालू झालं. पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही, नुसतं कर्रर्र वाजतं. बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारला तर क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे उडी मारते. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल. काय करू? (कुडाळ)

थांबा, गिअरबॉक्स उतरवू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतायत म्हणजे आतले गिअर, ते सरकवणारे फोर्क, त्यांचा वेग जुळवणारे सिंक्रो सगळं आपापल्या जागी हलतंय. इंजिन चालू असताना पडत नाहीत आणि क्लच दाबूनही गाडी उडी मारते म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकतच होत नाहीये. क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनामागच्या जड चक्राला) किंवा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला गंजाने चिकटून बसलीय. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत फ्लायव्हीलच्या उघड्या बिडाला गंज चढतो आणि वर्षानुवर्षं दाबून बसलेलं प्लेटचं लायनिंग (घर्षणाचा थर) त्यात धरून राहतं. यात गिअरबॉक्सचा काही दोष नाही.

पण आधी दुसरी शक्यता काढून टाका, ती फुकटात तपासता येते. एकाला पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या) बाजूचा क्लच फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, बघा, तो नीट हलतोय का, की पेडल खाली जातंय पण लिंकेजच्या (पेडल आणि फोर्क जोडणाऱ्या दांड्यांच्या) झिजलेल्या भोकांत आणि पिनांतच सगळी हालचाल जिरतेय. तिथे मातीही बघा, शेडमधल्या गाडीत कुंभारमाशी फोर्कच्या रबरी बुटातून आत शिरून घरटं करते आणि ती माती वाळून फोर्कला पूर्ण मागे जाऊच देत नाही. उंदरांचं तर सांगायलाच नको. फोर्क व्यवस्थित हलत असेल तर मग प्लेट चिकटलीय हे पक्कं समजा.

आता सोडवायची कशी. पहिल्यांदा इंजिन चालू करून पूर्ण गरम होऊ द्या, गरम झाल्यावर बंद करा, पेडल शेवटपर्यंत दाबा आणि पेडल व सीटच्या चौकटीमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून रात्रभर तसंच ठेवा. काही वेळा सकाळी प्लेट आपोआप सुटलेली असते. नाही सुटली तर दोन-तीन दिवस हेच परत करा, घाई नको. तरीही नाही सुटली तर मोकळं सपाट शेत किंवा मैदान शोधा, समोर माणूस नाही, गुरं नाहीत, बांध नाही अशी जागा. आधी ब्रेक नीट लागतायत याची खात्री करा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक गृहीत धरू नका. इंजिन बंद असताना दुसरा गिअर टाका, ट्रान्सफर केस हायमध्ये, आणि स्टार्टर मारा, गाडी गचके देत चालायला लागेल, चालू द्या. आता पेडल पूर्ण दाबून धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा. हा पुढे-मागे होणारा झटकाच प्लेट सोडवतो. सुटली की लगेच कळतं, इंजिन एकदम मोकळं होतं आणि गाडी नुसती घरंगळत राहते. या सगळ्या वेळात एक हात डिझेल बंद करायच्या नॉबवर असू द्या, कारण क्लच सुटत नसताना गाडी थांबवायचे मार्ग दोनच, ब्रेक आणि इंजिन बंद करणं.

काही जण मागची चाकं जॅकवर उचलून टॉप गिअरमध्ये इंजिन चालवून एकदम ब्रेक मारतात. काम होतं, पण गाडी जॅकवरून निसटली तर समोर भिंत असते आणि मध्ये माणूस. मी हा उपाय कुणालाच सुचवत नाही. आणि कृपा करून बेल हाउसिंगच्या भोकातून ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, प्लेट सुटेल पण लायनिंग ते ऑइल पिऊन बसेल आणि मग चढावर क्लच घसरतच राहील.

सुटल्यावर पहिले काही दिवस गाडी उचलताना थरथरेल, तो फ्लायव्हीलवर राहिलेला गंज घासला जातोय. आठवड्या-दोन आठवड्यांतही थरथर गेली नाही तर मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर फोर्क जे पुढे ढकलतो ते) बदलायची तयारी ठेवा, त्यासाठी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही उतरवावे लागतील हे खरं, पण उतरवणं वेगळं आणि उघडणं वेगळं. गॅरेजवाल्याला सांगा, क्लचचं काम करायचंय, बॉक्स उघडायचा नाही. वडलांची गाडी आहे, चांगला चालणारा बॉक्स विनाकारण उघडला आणि शिम, बेअरिंग इकडची तिकडे झाली तर पूर्वीसारखा शांत तो परत होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जुनी सीजे-३बी जीप आहे, पेट्रोल. वाळपईजवळच्या बागेत वापरायचो, मग बरीच वर्षं तशीच राहिली. आता फोर बाय फोरचा लिव्हर दगडासारखा घट्ट झालाय आणि लो तर लागतच नाही. शिवाय हँडब्रेक सोडला तरी गाडी ढकलताना जड जाते. (सत्तरी, गोवा)

तुमच्या गाडीत ट्रान्सफर केस आहे तो स्पायसर १८, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपपासून चालत आलेलं डिझाइन. त्याची एक गोष्ट नव्या पिढीतल्या अनेक मेकॅनिकांना माहीत नसते. फोर बाय फोरचा आणि हाय-लोचा असे दोन लिव्हर असतात आणि दोघांच्या शिफ्ट रॉडमध्ये आतून एक इंटरलॉक बसवलेला असतो. पुढचा अ‍ॅक्सल लागल्याशिवाय तो लो पडूच देत नाही, कारण लोमधला सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येऊ नये. म्हणजे तुमचा लो खराब नाहीये, पहिला लिव्हर अडकलाय म्हणून दुसरा अडवला जातोय. लोच्या लिव्हरवर पाइप घालून जोर लावू नका, इंटरलॉक मोडेल किंवा रॉड वाकेल आणि मग खरंच केस उघडावी लागेल.

पहिला लिव्हर का अडकला ते बघू. शिफ्ट रॉडची टोकं केसच्या बाहेर आलेली असतात, तिथे लिव्हर जोडलेले. ही बाहेरची टोकं चिखलात आणि पावसात उघडी असतात, गंजून फुगतात आणि सीलमधून आत सरकतच नाहीत. गाडीखाली जा, वायर ब्रशने टोकं साफ करा, बारीक पॉलिश पेपरने गंज काढा (रॉडवर ओरखडे पडतील असं जाड काही नको), त्यावर पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि दिवसातून दोन-तीनदा असं दोन दिवस करा. लिव्हरच्या पिव्हट पिनलाही तेच, ती पिन तर कायमच सुकलेली असते. मग लिव्हर हलवताना गाडी एकाच जागी उभी ठेवू नका, कुणाला तरी गाडी हातभर पुढे-मागे ढकलायला सांगा, कारण आतले दाते एकमेकांसमोर आले नाहीत तर लिव्हर कितीही चांगला असला तरी लागणार नाही. हाताच्या जोरावर जेवढं होतं तेवढंच, हातोडा बाजूला ठेवा.

आता गाडी जड का जाते. सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर त्याचा ड्रम असतो. मागच्या आउटपुट सीलमधून ऑइल गळून या ड्रममध्ये जातं, त्यात धूळ बसते, गंज चढतो आणि शू (ब्रेकचे घासणारे पट्टे) ड्रमला चिकटून बसतात, केबल सोडली तरी सुटत नाहीत. खाली जाऊन केबल मोकळी करा आणि ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने गोल फिरून हलके ठोके द्या. गाडी तरीही जड असेल तर चारही चाकं एकेक करून उचला आणि हाताने फिरवून बघा, कुठलं चाक अडतंय ते कळेल, चाकांचे शूही चिकटलेले असू शकतात. ट्रान्समिशन अडकलंय असं वाटणाऱ्या गाड्यांत कितीतरी वेळा साधे ब्रेकच अडकलेले निघतात.

याच ब्रेकची एक धोक्याची बाजू आहे, ती नीट वाचा. हँडब्रेक शाफ्टवर असल्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल हवेतल्या चाकाला मोकळं फिरू देतो आणि जमिनीवरचं चाकही सुटतं, म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. तसंच ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स कुठल्याही गिअरमध्ये असला तरी गाडी धरली जात नाही. तेव्हा खाली शिरण्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावाच, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, स्टँड नाहीतर लाकडाचे भक्कम ओंडके हवेत.

ऑइल काढलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. या जुन्या जीपांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस चिकटून असतात आणि मधला सील झिजला की एकाचं ऑइल दुसऱ्यात जातं. एक रिकामा आणि दुसरा ओसंडून वाहतोय असं दिसलं तर गळती बाहेर शोधत बसू नका.

प्रश्न : माझी १९९८ ची जिप्सी लॉकडाऊनपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. आता चालवतोय तर अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की खालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि ५०-६० च्या स्पीडला फ्लोअर थरथरतो. एकाने क्राउन-पिनियन बदला म्हणून सांगितलं. (कोथरूड, पुणे)

क्राउन-पिनियनपर्यंत (हाउसिंगमधल्या मुख्य गिअरच्या जोडीपर्यंत) पोचायला अजून बराच वेळ आहे, आधी शाफ्ट बघा. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा टांगलेला असतो, आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. म्हणजे एकूण शाफ्ट तीन, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना यूजे क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा. उभ्या गाडीत क्रॉसच्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून बसतात, ग्रीस सुकतं, ओल शिरते आणि सुयांच्या रेघा क्रॉसच्या दांड्यांवर कोरल्या जातात. मग टॉर्कची दिशा बदलली की तिथे ‘टक्’.

तपासायला गाडी सपाट जागेवर, चाकांना अडसर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके तुकडे) दोन हातांत धरा आणि उलट दिशांना पिळा, वर-खालीही हलवून बघा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल असा ढिलेपणा नसतो. कपाच्या सीलभोवती कुंकवासारखी लाल पूड दिसली तर तो क्रॉस आतून संपलाय, तिथे ग्रीस भरून काही होणार नाही. मधला आखूड शाफ्ट तपासायला विसरू नका, तो दिसायला लहान म्हणून लोक त्याला हातच लावत नाहीत.

क्रॉस बदलायला शाफ्ट काढाल तेव्हा आधी फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडला जातो त्या चकतीवर) आणि स्लिप योकवर (शाफ्टच्या सरकत्या, दातेरी योकवर) पंचने किंवा पेंटने खुणा करा, आणि परत खुणेला खूण लावूनच बसवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात, स्लिप योक एक-दोन दाते इकडेतिकडे बसला तर नवे क्रॉस टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते आणि मग दोष नव्या पार्टवर येतो.

क्रॉस ठीक निघाले तर ट्रान्सफर केसचे रबर माउंट बघा. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन चिरा पडलेल्या असतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अख्खी केस हलते, तिचाही आवाज असाच येतो. हे सगळं झाल्यावरही आवाज राहिला तरच हाउसिंगकडे वळा. थरथरीसाठी टायरही बघा, वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या टायरला खालून सपाट डाग पडतो आणि थोडं चालवूनही तो गेला नाही तर टायर बदलावेच लागतात.

प्रश्न : चालवताना आवाज नक्की कुठून येतोय हे आम्हा सामान्यांना कसं कळावं? प्रत्येक मेकॅनिक वेगळं सांगतो. (नाशिक)

कान लावला तर बरंच कळतं. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, आणि घरघर क्लच दाबल्यावर थांबते तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो पण गिअर बदलल्याने बदलत नाही, तर तो गिअरबॉक्सच्या मागचा, म्हणजे शाफ्ट, हाउसिंग किंवा चाकाचं बेअरिंग. वळणावर एका बाजूला वजन गेल्यावर गुंईं वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर असेल तर पिनियनकडे बघा.

बंद राहिलेल्या गाडीत एक खास आवाज असतो. हाउसिंगमध्ये ऑइल फक्त खालच्या भागात असतं, गिअर फिरले तरच ते वर उडतं. गाडी उभी राहिली की वरचा भाग कोरडा, दिवसा-रात्रीच्या तापमानाने ब्रीदरमधून (हाउसिंगवरच्या हवेच्या बारीक नळीतून) दमट हवा आत-बाहेर होते आणि क्राउनच्या वरच्या दात्यांवर, बेअरिंगच्या वरच्या रोलरांवर गंज चढतो. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा असा ठेक्यात आवाज येतो. गंज वरवरचा असेल तर दोनदा ऑइल बदलून सावकाश चालवल्यावर तो कमी होत जातो. बेअरिंगच्या रेसमध्ये खड्डे पडले असतील तर कमी होणार नाही, वाढेल, तेव्हा हाउसिंग उघडायला हरकत नाही.

प्रश्न : ऑइल कुठलं घालावं? सगळीकडे एकच ९० नंबर चालेल ना? (इचलकरंजी)

नंबर म्हणजे ऑइलचा जाडपणा, तो एकच चालेल, पण प्रकार बघा. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात, तिथे जीएल-४ घाला (हा ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो). डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, दाते एकमेकांवर घसरतात, तिथे जीएल-५ लागतं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जादा मात्रा जुन्या बॉक्सच्या पितळेला मानवत नाही, म्हणून सगळीकडे एकच डबा ओतू नका.

काढायच्या आधी मात्र एक नियम पाळा. आधी वरचा लेव्हल प्लग उघडून बघा, मगच खालचा ड्रेन प्लग. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच अडकून पडते. ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात बघा. दुधाळ तपकिरी म्हणजे पाणी शिरलंय, अशा वेळी ब्रीदर तपासा, तो मातीने बुजलेला असतो. ब्रीदर बुजलेला असताना गरम हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात गेलं की आत हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. उलट गरम झाल्यावर आतला दाब ऑइल सीलमधून बाहेर ढकलतो, त्यामुळे सील बदलायच्या आधीही ब्रीदरच साफ करा. प्लगवर चिकटलेली लोखंडाची मऊ लव चालते, सोनेरी चमक म्हणजे पितळ झिजतंय, आणि धारदार तुकडे सापडले तर गाडी पुढे चालवू नका.

पाणी शिरलं असेल तर स्वस्तातलं ऑइल भरून दहा-पंधरा किलोमीटर सावकाश चालवा, गरम असतानाच काढा, मग चांगलं भरा. डिझेलने धुऊन त्यावरच गाडी चालवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती नको, डिझेल बेअरिंगवरचं उरलंसुरलं ऑइलही धुऊन नेतं.

प्रश्न : पुढे दोन नवे टायर टाकले, मागे जुनेच. फोर बाय फोर लावून घाटातून डांबरी रस्त्याने आलो, आता लिव्हर निघतच नाही. (महाड)

लिव्हर तुटलेला नाही, ट्रान्समिशन पिळलं गेलंय. तुमच्या गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर चालतात, वर टायरचा घेर वेगळा, आणि डांबरावर चाकं घसरत नाहीत, त्यामुळे सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो. गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, लिव्हर सुटेल. नाहीच सुटला तर सपाट जागी बाकीच्या चाकांना अडसर लावून एक चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकं उचला, उचलताना चाक झटक्याने फिरू शकतं, हात लांब ठेवा. यापुढे फोर बाय फोर फक्त चिखल, वाळू, सुटी खडी इथेच, आणि चारही टायर एकाच मापाचे.

प्रश्न : मी मस्कतला असतो, जीप चिपळूणजवळ गावी. वर्षातून एकदा येतो. जाताना काय करून जाऊ म्हणजे पुढच्या वर्षी हे सगळं होणार नाही? (मस्कत)

जायच्या आधी ऑइल बदला, आल्यावर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये ओल असते, ती वर्षभर आत ठेवायची नाही. सगळ्या ग्रीस निपलना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा, ब्रीदर साफ करा, शिफ्ट रॉडच्या टोकांना ग्रीस फासा. शेडची जमीन मातीची असेल तर गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरा, जमिनीतली ओल अडते. वरून ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका, आत घाम धरतो.

क्लच लिंकेजवाला असेल तर पेडल दाबून लाकडाने अडकवून ठेवा, ट्रॅक्टरच्या पेडलला याच कामासाठी कडी असते. हँडब्रेक सोडलेला, गाडी गिअरमध्ये, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये नाही. पण पेडल दाबलेलं असताना गिअर गाडी धरत नाही, म्हणून चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेतच. घरचं कुणी महिन्यातून एकदा लाकूड काढून आठ-दहा किलोमीटर फिरवून आणू शकलं, त्यात थोडं मातीच्या रस्त्याने फोर बाय फोर लावून सरळ चालवलं, तर यासारखं दुसरं काही नाही, वरचे गिअर ऑइलने भिजतात आणि लिव्हरही सुटा राहतो. आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगला बांधा, क्लच लाकडाने दाबलाय, हँडब्रेक सोडलाय, चाकांना दगड आहेत, म्हणजे तुमच्या मागे चावी कुणाच्याही हातात गेली तरी त्याला आधी हे कळेल.